चार्जर ठीक आहे हो, आधी अर्थिंग बघा

साताऱ्यात विम्याचं काम करतो. कोरेगाव, वाई, मेढा अशी फिरती असते, दिवसाला 60-70 किलोमीटर. जानेवारीत इलेक्ट्रिक गाडी घेतली. तिच्याबरोबर 7.2 किलोवॉटचा भिंतीवरचा चार्जर बसवून मिळाला. सात महिने वापरून, अर्धा पावसाळा काढून हे लिहितोय.

चार्जर बसवणाऱ्या एजन्सीचा माणूस पाहणीला आला. मीटरचा फोटो काढला, फाटकाजवळच्या भिंतीचा काढला, चहा घेतला आणि गेला. अर्थिंग तपासलंच नाही. आठवड्याने दोन मुलं आली, 6 स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल ओढली (15 मीटरपर्यंत फुकट, वरच्या 4 मीटरचे पैसे माझे), डबा टांगला, बटण दाबलं. लाल दिवा. ‘काका, तुमच्या घराचं अर्थिंग गेलंय. करून घ्या आणि फोन करा,’ म्हणून तीही गेली. गाडी दारात, चार्जर भिंतीवर आणि मी हायवेच्या चार्जिंग स्टेशनवर पेपर वाचत बसलेला, असे नऊ दिवस काढले.

शेवटी आमच्या पेठेतल्या वायरमनमामांना बोलावलं. वडिलांपासून घरचं काम तेच बघतात. त्यांनी न्यूट्रल आणि अर्थिंगच्या मध्ये व्होल्ट मोजायचा मीटर लावला. 38 व्होल्ट! तिथं दोन-तीनच्या वर नको असतात. मामांनी मागं जाऊन इकडंतिकडं बघितलं आणि विचारलं, ‘मोरी कुठं गेली रे?’

मोरी आम्ही 2016 मध्ये पाडली. बाथरूम आत घेतलं, मागं फरशी टाकली. 1994 साली मामांनीच मोरीला लागून खड्डा खणून मीठ-कोळशाचं अर्थिंग केलं होतं, धुण्याभांड्याच्या पाण्यानं ते कायम ओलं राहावं म्हणून. मोरी गेली, पाणी तुटलं, खड्डा सुकला. कोरड्या मातीतून करंट जमिनीत जाणार कसा? फ्रिजला हात लावला की मुंग्या येतात असं आई कितीदा म्हणायची. आम्ही ते तिच्या शुगरवर ढकललं. चार्जरचा लाल दिवा लागला नसता तर अजूनही ढकलत बसलो असतो. डबा सुरू झाला नाही हा त्याचा दोष नव्हता, तेच त्याचं काम होतं.

नवीन अर्थिंग म्हणजे तांब्याचा मुलामा असलेला 3 मीटरचा रॉड, भोवती ओल धरून ठेवणारी पावडर, वर झाकण. 7,500 रुपये आणि अर्धा दिवस. मीटरवर दीड व्होल्ट आला, हिरवा दिवा लागला. मामांनी चार्जरला मीटरपासून स्वतंत्र लाइन आणि 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) आहे ना तेही बघून घेतलं. होता, पण पोरांनी फाटकाचा दिवा त्याच लाइनवर जोडून ठेवला होता. पावसात त्या दिव्यात पाणी गेलं असतं तर रात्री चार्जिंग बंद पडून सकाळी मी वाईला एसटीनं गेलो असतो. तो दिवा वेगळा केला.

आता 7.2 चं. तो मी त्या वेगानं चालवतच नाही. बिलावर मंजूर भार 3 किलोवॉट होता. पूर्ण वेगासाठी तीन फेजच्या भानगडीत पडावं लागणार होतं. मी भार 5 करून घेतला आणि चार्जर 16 अँपियरवर, म्हणजे साधारण अर्ध्या वेगावर, बांधून ठेवला. माझी रोजची फिरती म्हणजे साधारण 10 युनिट, म्हणजे तीन-साडेतीन तास. रात्री अकराला लावतो, कारण संध्याकाळी आमच्या गल्लीत व्होल्टेज उतरतं. लाइट गेली तर परत आल्यावर आपोआप सुरू होतो, हे मात्र झकास. अॅपचा काही उपयोग नाही, फाटकापर्यंत वायफाय पोचत नाही. केबल थंडीत काठीसारखी ताठ होते. डब्यावर पाऊस चालतो म्हणतात, मी तरी वर पत्रा ठोकलाय.

बिलाचं बघून ठेवा. महिन्याला घरचे 180 युनिट, वर गाडीचे अडीचशे. 300 च्या वर गेलं की युनिटचा दर एकदम चढतो. गाडीसाठी वेगळा मीटर मिळतो. त्याचा स्थिर आकार धरून परवडतं का, याचा हिशेब सध्या वहीत चालू आहे.

चार्जरला पाचापैकी चार, बसवण्याच्या कामाला एक. तोही चहा प्यायला म्हणून.

मेढ्याचे एक पॉलिसीधारक परवा विचारत होते, चार्जर घेऊ का. म्हटलं, तुमची धाव 40 किलोमीटरची, 16 अँपियरचा चांगला सॉकेट आणि गाडीबरोबरची केबल बास आहे. मोरी आहे ना अजून? आहे म्हणाले. तरी मीटर लावून बघा म्हटलं.