वांगाच्या क्रीमच्या नावाखाली माझी झालेली फसवणूक, प्लीज वाचा

बाळंतपणानंतर माझ्या दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर वांग आले. माझी स्किन आधीच सेन्सिटिव्ह, साधा नवीन फेसवॉश लावला तरी लाल होते, म्हणून वर्षभर काहीच लावलं नव्हतं. मग भावाच्या लग्नाआधी आयब्रो करायला पार्लरमध्ये गेले तर तिथल्या ताई म्हणाल्या, "अगं आमच्याकडे आयुर्वेदिक क्रीम आहे, झीरो केमिकल, पंधरा दिवसांत डाग जातात." छोटी पांढरी डबी, ४५० रुपये. त्यावर ना कंपनीचं नाव, ना बॅच नंबर, ना एक्स्पायरी, नुसतं केशराच्या चित्राचं स्टिकर. मला तेव्हा ते घरगुती आहे म्हणून उलट जास्त शुद्ध वाटलं.

आणि फरक पडला ना! आठ दिवसांत चेहरा उजळ, पिंपल्स गायब, लग्नात सगळ्या विचारत होत्या काय लावतेस. मी धाकट्या जावेलाही एक डबी आणून दिली.

दीड महिन्याने डबी संपली आणि चार दिवस लावायचं राहिलं, तर चेहरा असा पेटला की पाणी लागलं तरी चरचर, लाल पुरळ, उन्हात तर उभंच राहवेना. ताईंना फोन केला तर म्हणाल्या, "आतली घाण बाहेर येतेय, क्रीम बंद केलंस म्हणून झालं, परत चालू कर." परत लावलं की दोन दिवसांत शांत. त्यामुळे मला खात्रीच पटली की औषध खरं आहे आणि मी अशा पाच डब्या घेतल्या. हाच सापळा आहे बायांनो, बंद केलं की आग आणि लावलं की आराम, म्हणजे ते क्रीम चांगलं आहे असं नाही तर चेहऱ्याला त्याची सवय लागलीय.

सहा महिन्यांत गालावर लाल बारीक शिरा दिसायला लागल्या, हनुवटीवर लव वाढली आणि वांग आधीपेक्षा गडद. तेव्हा कुठे स्किनच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी डबी बघून विचारलं, थांबवलं की जळजळ होते का? ही सगळी लक्षणं स्टिरॉइडची आहेत म्हणाल्या. स्टिरॉइडने रक्तवाहिन्या आकसतात म्हणून चेहरा पटकन गोरा दिसतो, पण स्किन पातळ होत जाते. २०१८ पासून अशी क्रीमं शेड्यूल एचमध्ये आहेत, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकताच येत नाहीत. नंतर मी पैसे मागायला पार्लरमध्ये गेले तेव्हा मागच्या खोलीत कोल्ड क्रीमचा मोठा डबा आणि शेजारी मेडिकलमधल्या ट्यूबांची रिकामी खोकी स्वतःच्या डोळ्यांनी बघितली. पैसे मिळाले नाहीत, वर "तुझीच स्किन खराब" हे ऐकून आले.

यात पारा नव्हता हे नशीबच म्हणायचं. अकोल्यात एकाच घरातल्या तिघींच्या किडन्यांना त्रास झाला होता आणि तपासणीत त्या वापरत असलेल्या गोरं होण्याच्या क्रीममध्ये पारा निघाला, २०२३ मध्ये बातमी आली होती.

माझी ट्रीटमेंट सांगते, पण तुम्ही तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा, आणि असलं क्रीम बरेच दिवस लावत असाल तर मनाने एकदम बंद करू नका, आधी दाखवा. पहिले तीन महिने वांगावर काहीच नाही, फक्त सौम्य क्लीन्झर, बिनवासाचं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. सनस्क्रीन टिंटेड, म्हणजे त्वचेच्या रंगाचं दिलं कारण वांग नुसत्या अल्ट्राव्हायलेटने नाही तर दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतात आणि त्या रंगातलं आयर्न ऑक्साइड तो प्रकाश अडवतं. दोन बोटांवर भरून घ्यायचं, बाहेर असेन तर दर दोन तासांनी परत. मग ॲझेलिक ॲसिड, म्हणजे डाग फिके करायचं औषध, तेही आधी कानामागे थोडं लावून बघून, आठवड्यातून दोनदाच. लिंबू, बेकिंग सोडा, टूथपेस्ट असलं काहीही लावायचं नाही. आता आठ महिने झाले, आग थांबलीय, डाग फिके झालेत, गेलेले नाहीत, आणि ते परत येऊ शकतात हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

अन्न व औषध प्रशासनाकडे डबीसकट तक्रार दिलीय. जीव अडकलाय तो जावेत. ती म्हणते, "वहिनी, मला तर सूट होतंय." तिच्या हातात ती डबी मीच दिली होती. या रविवारी तिला घेऊन डॉक्टरांकडे जायचं ठरवलंय, नाही म्हणाली तरी नेणार.