१९७१ची एमजीबी: आठ महिन्यांत बदललेले इलेक्ट्रिकल पार्ट आणि त्यांचा अनुभव

इंग्लंडमध्ये लेस्टरला माझ्याकडे १९७१ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. गेल्या ऑक्टोबरपासून तिचं इलेक्ट्रिकलचं एकेक काम हाती घेतलं. आज आठ महिने आणि जवळपास तीन हजार मैल झाल्यावर लिहितोय, कारण बसवल्या बसवल्या सगळेच पार्ट छान वाटतात.

पहिला दणका रोटरनं, म्हणजे प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणाऱ्या फिरत्या भागानं दिला. सर्व्हिसिंगच्या वेळी डिस्ट्रिब्युटरची कॅप, रोटर, पॉइंट (करंट जोडून-तोडून ठिणगी पाडणारे संपर्क), कंडेन्सर असा सगळा सेट नवा टाकला होता. सातशे मैलांत गाडी गचके खायला लागली आणि एका संध्याकाळी भर रस्त्यात बंद पडली. पेट्रोल येत होतं, मागे पंपाची टकटक ऐकू येत होती. घरी रोटर भिंगाखाली धरला, तर पितळी पट्टीच्या रिवेटखालून केसाएवढी काळी रेघ आतल्या भोकापर्यंत उतरलेली! ठिणगी प्लगकडे जायच्या ऐवजी तिथूनच शाफ्टला अर्थ होत होती. डब्यात जपून ठेवलेला जुना रोटर लावला, पहिल्या सेल्फला गाडी चालू. आता रिवेट नसलेला लाल रोटर घातलाय आणि तेव्हापासून एकदाही मिसिंग नाही. चालू स्थितीतला जुना पार्ट कृपा करून फेकू नका.

पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा, असं अनेकांनी सांगितलं. मी पॉइंटच ठेवले. कोल्हापूरला बाबांना पद्मिनीचे पॉइंट पॉलिश पेपरनं घासून गाडी पुढे काढताना पाहिलंय. रस्त्याकडेला दुरुस्त होणारी गोष्ट मला जवळची वाटते. गॅप ०.३८ मिलिमीटर, आणि अधूनमधून तो तपासायचा, बस.

सगळ्यात जास्त समाधान हेडलाइटनं दिलं. या गाडीत हेडलाइटचा सगळा करंट स्विचमधून फिरून येतो, मध्ये रिले (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नाही. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.९ व्होल्ट आणि दिव्यापाशी जेमतेम ११.२! मी बल्ब बदलायला निघालो होतो, मल्टिमीटरनं थांबवलं. ग्रिलमागची बुलेट कनेक्टरं उघडली, तर आत हिरवा गंज. ती नवी घातली, अर्थची वायर बॉडीला जिथे बसते तिथला रंग खरवडून पत्रा उघडा केला, डिप आणि मेनसाठी दोन रिले बसवले. आता दिव्यापाशी १३.४ मिळतात. डिसेंबरच्या पावसात रस्त्याची कड स्पष्ट दिसली, तेव्हा सगळ्या मेहनतीचं चीज झालं. या कामात बॅटरी सोडायचीच. तपकिरी वायर थेट बॅटरीची असते, तिच्यावर फ्यूज नसतो.

फ्यूज बॉक्स नवा घेतला, ठीक आहे. फक्त फ्यूज बघून घ्या. ब्रिटिश काचेच्या फ्यूजवर ३५ अँपिअर लिहिलेलं असतं, पण तो आकडा फ्यूज उडण्याचा. सतत चालायला १७च. ज्यावर सतत चालण्याचा आकडा लिहितात, तसा दुसऱ्या पद्धतीचा ३५चा फ्यूज टाकलात, तर आधी वायर जळेल.

अल्टरनेटर बदलला नाही. ब्रश नवे घातले, चार्जिंग व्यवस्थित आहे.

आता पंप राहिलाय. थंड सकाळी कधीकधी चावी फिरवली तरी टकटक होत नाही. लाकडाच्या ठोकळ्यानं हलकेच ठोकला की सुरू होतो. त्याच्याही आतले पॉइंट झिजलेत. पॉइंटचा सेट मागवलाय, रविवारी गाडीखाली शिरणार आहे.