वनटॅब: कामाचं एक्स्टेंशन, पण एक्स्पोर्ट विसरू नका
क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये १०० टॅब उघडे असले की हवा तो टॅब सापडत नाही आणि रॅम भरत जाते. वनटॅब या मोफत एक्स्टेंशनच्या (ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामच्या) चिन्हावर क्लिक केलं, की त्या विंडोतले टॅब बंद होऊन त्यांच्या लिंकची एक यादी उरते. पिन केलेले टॅब जागेवरच राहतात, ही सोय फार चांगली.

सुरुवातीलाच एक सेटिंग बदला. एरवी यादीतली लिंक उघडली की ती यादीतून निघून जाते. ऑप्शन्समध्ये ती ठेवण्याचा पर्याय आहे. यादीतल्या महत्त्वाच्या लिंकच्या गटाला नाव देऊन तो लॉक करा, म्हणजे चुकून पुसला जाणार नाही.

यादी साठते ती तुमच्याच संगणकावर, ब्राउझरच्या प्रोफाइलमध्ये (तुमची सेटिंग्ज आणि माहिती जिथे राहते त्या फोल्डरमध्ये). एक्स्टेंशन काढून टाकलं किंवा प्रोफाइल बिघडलं, की सगळं गेलं! म्हणून आठवड्यातून एकदा यादी एक्स्पोर्ट करा, म्हणजे लिंकचा मजकूर बाहेर काढा, आणि तो टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा. इम्पोर्टमध्ये तोच चिकटवला की यादी परत येते. अर्धवट भरलेला फॉर्म असलेला टॅब मात्र यात कधीच टाकू नका. जपला जातो तो फक्त पानाचा पत्ता, तुम्ही लिहिलेलं नाही.