तांबूची शिटी आणि सापांची डॉक्टरीणबाई

तांबू म्हणजे आमचा रॉयल पायथन. अमेरिकेत यालाच बॉल पायथन म्हणतात. वय सहा वर्षं, जन्म इथला, इंग्लंडमधलाच. माझं माहेर बत्तीस शिराळ्याचं, त्यामुळे सापांची भीती मला कधीच नव्हती. पण सापाची छाती भरते, हे मात्र या जानेवारीत कळलं.

रात्री लेकाने हाक मारली, "आई, तांबू शिटी वाजवतोय." कान लावला तर श्वासागणिक बारीक सूं सूं ऐकू येत होतं. कात टाकायच्या आधी कधीकधी असा आवाज येतो, म्हणून चार दिवस थांबलो. तिथेच चुकलं. पाचव्या दिवशी तो मान वर करून, तोंड किंचित उघडं ठेवून त्याच्या पेटीच्या काचेला टेकला होता. नाकपुडीवर एक चिकट बुडबुडा फुगायचा, फुटायचा, पुन्हा फुगायचा. मला बघवेना.

जवळच्या कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात त्याला हातही न लावता तोंडाने द्यायचं औषध दिलं. आठवड्याने बुडबुडा तसाच. मग पाऊण तास गाडी चालवून सरपटणाऱ्या प्राण्यांच्या दवाखान्यात गेलो, आणि त्या दवाखान्याबद्दल सांगायलाच हे लिहितेय.

डॉक्टरीणबाईंनी आधी त्याला वजनकाट्यावर ठेवलं : १,४०० ग्रॅम. प्लास्टिकच्या पट्टीने तोंड अलगद उघडून आतली लाळेची तार मला दाखवली. सापाला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, त्याला खोकून कफ बाहेर काढता येत नाही, तो लांबलचक फुप्फुसात साचून राहतो, हे त्यांनी कागदावर चित्र काढून लेकाला समजावलं. मग विचारलं, "तो बसतो त्या जागेचं तापमान किती?" मी म्हटलं, "३१." "मोजलंत कुठे?" काचेवर वर चिकटवलेल्या तापमापक पट्टीवर! घरी जाऊन पेटीच्या जमिनीलगत प्रोब, म्हणजे तापमापकाचं वायरीचं टोक, ठेवून मोजा आणि संध्याकाळीच कळवा म्हणाल्या. भरला आकडा २६, आणि रात्री २०. त्याला उबेच्या बाजूला ३१-३२ लागतात. अंगात ऊब नसेल तर त्याची प्रतिकारशक्तीही चालत नाही आणि औषधही नीट लागू पडत नाही. दोन वर्षं मी त्या पट्टीवर विसंबून होते, याचं अजून वाईट वाटतं.

ऑक्टोबरमध्ये लेकाने दुसरा साप आणला होता, हे ऐकून त्यांनी निडोव्हायरससाठी तोंडातला स्वॅब घेतला. पायथनमध्ये हा विषाणू २०१४ साली पहिल्यांदा नोंदला गेला आणि त्यावर औषध नाही. सुदैवाने निगेटिव्ह आला. तरी दोघांच्या खोल्या, चिमटे, पाण्याची भांडी वेगळी ठेवायला लावली. श्वासनलिकेतल्या द्रवाच्या कल्चरमध्ये स्यूडोमोनास हा जीवाणू निघाला, आणि सेफ्टाझिडिम हे प्रतिजैविक सुरू झालं.

इंजेक्शन दर ७२ तासांनी, ०.२८ मिली, अंगाच्या पुढच्या अर्ध्या भागातल्या स्नायूत. भरलेल्या सिरिंज फ्रीझरमध्ये ठेवायच्या. पहिलं त्यांनी दिलं, दुसरं माझा हात धरून माझ्याकडून देववलं. घरी सिरिंज मुठीत धरून ऊब आणायची, खवल्यांच्या फटीतून सुई घालायची. लेक तांबूची मान धरायचा आणि त्याच्याशी हळू आवाजात बोलत राहायचा. सात इंजेक्शनं झाली. पाचव्यानंतर शिटी थांबली, आणि शेवटच्यानंतर दहा दिवसांनी त्याने उंदीर गिळला.

खर्च तपासण्यांसकट ३१० पौंडांच्या आसपास. विमा नव्हता, म्हणून जड गेला. शनिवारी-रविवारी फोन उचलत नाहीत, हे मला अजिबात पटलं नाही, श्वास लागलेला प्राणी सोमवारपर्यंत थांबत नाही. अपॉइंटमेंटही आठवडाभराने मिळते, तेव्हा बुडबुडा दिसायची वाट न बघता, शिटी ऐकलीत की त्याच दिवशी फोन करा. आणि जाताना पट्टीवरचं नव्हे, प्रोबने जमिनीलगत घेतलेलं दिवसाचं आणि रात्रीचं तापमान लिहून न्या.