नोनी आणि मँगोस्टीन ज्यूस: द्राक्षाच्या हंगामभर घेतल्यानंतरचा अनुभव

साडेसातशे मिलीची बाटली, किंमत १,८०० रुपये. एक नोनीची आणि दुसरी मँगोस्टीन, आसाई, गोजी बेरी या परदेशी फळांची एकत्र केलेली. द्राक्षबागेची ऑक्टोबर छाटणी उरकली तेव्हा आमच्या घरात दोन्ही सुरू झाल्या आणि माल उतरून बेदाण्याच्या रॅकवर पडेपर्यंत नेमानं चालू होत्या. आई सकाळी नोनी आणि संध्याकाळी मिश्र ज्यूस घ्यायची. मी फक्त मिश्र, दोन वेळा. तासगाव-सांगली-मिरज पट्ट्यात सध्या या बाटल्या घरोघरी पोचतायत, म्हणून सविस्तर लिहितोय. कंपनीचं नाव लिहीत नाही. अशा बऱ्याच कंपन्या आहेत आणि पुढचं बहुतेक सगळ्यांनाच लागू पडतं.

बाटल्या आणल्या मामेभावानं. "दादा, आत्तीसाठी घे की एक पेटी, गुडघं कसं पळाय लागत्यात बघ," म्हणाला. आईला बीपी आणि शुगर दोन्ही, गुडघेदुखी जुनी. पोरगं कष्टाळू आहे, त्याचा भरवसा मनापासूनचा होता. सोबत एक रंगीत माहितीपत्रक होतं. त्यात कॅन्सर, मधुमेह, संधिवात, हृदयविकार अशी मोठी यादी आणि प्रत्येक फळापुढे 'ओरॅक' नावाचा एक भलामोठा आकडा.

आधी चवीचं सांगतो. मिश्र ज्यूस छान लागतो, गडद जांभळा, आंबटगोड, पाहुण्यालाही देता येईल असा. नोनीचं मात्र कठीण आहे. पिकलेल्या नोनीत कॅप्रोइक आणि कॅप्रिलिक आम्लं असतात, त्यामुळे जुन्या चीजसारखा उग्र वास येतो. पॅसिफिक बेटांवर पारंपरिक पद्धतीत फळं बंद भांड्यात दोन-दोन महिने ठेवून रस गाळतात, तेव्हा तो वास आणखी मुरतो. आई नाक दाबून घ्यायची आणि वर आल्याचा तुकडा चघळायची. हे झाड आपल्याला परकं नाही. कोकणात आणि किनाऱ्यानं बारतोंडी म्हणतात ते हेच, मोरिंडा सिट्रिफोलिया. पूर्वी याच्या मुळ्यांपासून कापडाला रंग काढत.

आता लेबल. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावे लागतात, म्हणजे जे जास्त ते आधी. मिश्र ज्यूसच्या बाटलीवर पहिलं पाणी होतं, मग सफरचंदाचा कॉन्सन्ट्रेट म्हणजे आटवलेला रस, मग लाल द्राक्षाचा कॉन्सन्ट्रेट. मँगोस्टीन त्यानंतर, आसाई आणि गोजी त्याच्याही खाली, शेवटी सायट्रिक आम्ल आणि प्रिझर्व्हेटिव्ह. बाटलीवर चित्र मँगोस्टीनचं, आत जास्त वाटा सफरचंद आणि द्राक्षाचा. मला याचा फार राग आला. दर पडला की व्यापारी बांधावर येऊन आमचा माल किलोला ३०-४० रुपयांनी मागतो. तेच द्राक्ष आटवून, पाण्यात मिसळून, परदेशी फळाच्या नावाखाली लिटरला २,४०० रुपयांनी आमच्याच घरात परत येतं. शेतकऱ्याच्या घरानं तरी लेबल वाचून मगच पैसे द्यावेत, असं मला कळकळीनं वाटतं.

घरात रसातली गोडी मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर असतोच. घड उतरवायच्या आधी मण्याचा थेंब काचेवर टाकून ब्रिक्स बघतो, तसाच ज्यूसचा थेंब टाकला. मिश्र ज्यूस १४ ब्रिक्सच्या आसपास, नोनी ७. ब्रिक्स १४ म्हणजे शंभर ग्रॅम रसात साधारण १४ ग्रॅम विरघळलेला ऐवज, आणि फळाच्या रसात त्यातली बहुतेक साखरच. दिवसाला ६० मिली घेतला तर आठ-साडेआठ ग्रॅम, म्हणजे दोन चमचे साखर. धडधाकट माणसाला हे काही जास्त नाही. पण 'शुगरवाल्यांनी बिनधास्त घ्या' असं सांगून विकणं मला अजिबात पटलं नाही. फळात चोथा असतो, त्यानं साखर रक्तात सावकाश उतरते. गाळलेल्या रसात तो चोथा राहत नाही.

ओरॅकचा आकडा काय असतो हे मी नीट वाचून काढलं, कारण सगळी विक्री त्याच्यावर उभी आहे. प्रयोगशाळेत परीक्षानळीत एखादा पदार्थ ऑक्सिडेशन किती रोखतो, म्हणजे तो किती अँटिऑक्सिडंट आहे, ते मोजायची ती एक पद्धत. अमेरिकेच्या शेतीखात्यानं त्याची मोठी यादी प्रसिद्ध केली होती. २०१२ मध्ये त्यांनीच ती संकेतस्थळावरून काढून टाकली. कारणही स्पष्ट दिलं: नळीतल्या या आकड्यांवरून माणसाच्या तब्येतीवर काय परिणाम होईल ते सांगता येत नाही, आणि कंपन्या त्यांचा विक्रीसाठी गैरवापर करतायत. तो आकडा आज आपल्याकडे माहितीपत्रकात छापून फिरतोय.

नळीत आणि शरीरात फरक का पडतो, हे समजून घेण्यासारखं आहे. फळांतले पॉलिफेनॉल, म्हणजे ज्यांच्यामुळे फळाला अँटिऑक्सिडंट म्हणतात ते घटक, आतड्यातून फार थोडे शोषले जातात. जे शोषले जातात त्यांचं यकृतात आणि आतड्यातल्या जिवाणूंकडून रूपांतर होतं, म्हणजे रक्तात पोचतो तो पदार्थ बाटलीतला राहतच नाही. फळ खाल्ल्यावर रक्ताची अँटिऑक्सिडंट ताकद थोडा वेळ वाढते हे खरं. पण लोटिटो आणि फ्राय या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवून दिलं की त्या वाढीचं मोठं कारण फ्रुक्टोज, म्हणजे फळातली साखर आहे. फ्रुक्टोजमुळे शरीरात यूरिक ॲसिड वाढतं आणि ते स्वतःच अँटिऑक्सिडंट असतं. ज्यांना यूरिक ॲसिडचा त्रास आहे, अंगठा सुजतो, त्यांनी हे वाचून ठेवावं.

आणि जास्त अँटिऑक्सिडंट म्हणजे जास्त फायदा, हे गणितही खरं नाही. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या सुमारे २९,००० पुरुषांवर रोज बीटा कॅरोटीन आणि ई जीवनसत्त्व या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांचा मोठा अभ्यास झाला, निकाल १९९४ साली आला. बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त निघाला. त्या गोळ्या होत्या, फळं नव्हती, हे लक्षात घेतलं तरी धडा मोठा आहे. आमच्याकडे तंबाखू खाणारी, विडी ओढणारी माणसं 'ज्यूस चालू आहे ना' म्हणून निर्धास्त होतात, तेव्हा मला काळजी वाटते.

या बाटल्यांचा धंदा कसा वाढला तेही सांगायला हवं. नोनी, मँगोस्टीन, आसाई या तिन्ही फळांची लाट अमेरिकेतल्या युटा राज्यातून, साखळी विक्रीतून आली. आधी १९९६ मध्ये ताहितियन नोनी, मग २००२ मध्ये मँगोस्टीनचा झँगो, मग २००५ मध्ये आसाईचा मोनाव्ही. फळं तिथली नव्हेतच. नोनी मूळ आग्नेय आशिया-ऑस्ट्रेलियाच्या पट्ट्यातली, पुढे पॅसिफिक बेटांवर पसरलेली, मँगोस्टीन आग्नेय आशियातलं, आसाई ब्राझीलच्या ॲमेझॉन खोऱ्यातल्या ताडाचं, गोजी चीनच्या निंगशियाची. तिथली माणसं ती अन्न म्हणून खातात. आसाई तर पारा राज्यात मासे आणि मॅनिओक नावाच्या कंदाच्या पिठाबरोबर जेवणात असतं. मँगोस्टीनचं ज्या झँथोन्स नावाच्या घटकांसाठी गुणगान होतं, ते बहुतांश जाड कडवट सालीत असतात, पांढऱ्या गोड गरात फार कमी. म्हणून ज्यूसवाले अख्खं फळ सालीसकट दळतात.

आता आमच्या घरात काय फरक पडला ते. आईचं पोट पहिल्या पंधरवड्यापासून साफ व्हायला लागलं, आणि हा फायदा खरा होता, टिकला. गुडघे मध्ये थोडे हलके वाटले. पण त्याच सुमारास तिनं मिरजेत फिजिओथेरपी सुरू केली होती, त्यामुळे श्रेय ज्यूसला देता येत नाही. थंडी वाढल्यावर दुखणं पुन्हा पूर्वीवर आलं. तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारं एचबीए१सी ७.३ होतं ते ७.६ झालं. त्यात दिवाळीचाही वाटा असणार. तरी ज्यूसनं शुगर उतरली असं कुठंच दिसलं नाही. माझ्यात म्हणाल तर बागेत फवारणीला उभं राहायची ताकद, झोप, सर्दी-पडसं, सगळं जसंच्या तसं.

काळजीची गोष्ट वेगळीच निघाली. आईला बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू आहे आणि किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन थोडं वर असतं. हिवाळ्यातल्या तपासणीत पोटॅशियम ५.६, म्हणजे जास्त आलं. मिरजेच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "आजी, बाहेरचं काही औषध, काढा, ज्यूस?" नोनीच्या ज्यूसमध्ये पोटॅशियम संत्र्याच्या किंवा टोमॅटोच्या रसाइतकं असतं. किडनी अधू असलेल्या एका रुग्णाचं पोटॅशियम नोनीमुळे वाढल्याची नोंद अमेरिकेतल्या मूत्रपिंडविषयक वैद्यकीय नियतकालिकात २००० सालीच आलेली आहे. टेल्मिसार्टनसारख्या गोळ्याही पोटॅशियम शरीरात धरून ठेवतात. दोन्ही एकत्र आले की हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो. डॉक्टरांनी नोनी बंद केली, गोळीचा डोसही बदलला. पुढच्या रिपोर्टला पोटॅशियम ठीक आलं. नेमकं कशानं उतरलं हे त्यांनीही ठामपणे सांगितलं नाही, मीही सांगत नाही. पण माहितीपत्रकात 'बीपीवर गुणकारी' लिहिलंय आणि किडनीबद्दल एक ओळ नाही, हे मला अक्षम्य वाटतं. गोजी बेरीचंही तसंच. रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असलेल्यांत गोजीमुळे रक्त जास्त पातळ झाल्याच्या नोंदी आहेत.

पैशांचा हिशेब सोपा आहे. दिवसाला ६० मिली म्हणजे १४४ रुपये, माणशी महिन्याला ४,३०० च्या वर. दिवसाच्या त्या १४४ रुपयांत आमच्या बाजारात बहुतेक दिवशी किलोभर भगवा डाळिंब येतं.

डाळिंबाचं नाव घेतलं कारण त्याचा या सगळ्याशी थेट संबंध आहे. २००८ मध्ये कॅलिफोर्नियात वेगवेगळ्या रसांची अँटिऑक्सिडंट तुलना झाली, त्यात डाळिंबाचा रस पहिला आला आणि आसाई मधल्या फळीत राहिलं. त्या अभ्यासाला पैसे डाळिंबाचा रस विकणाऱ्या पॉम वंडरफुल कंपनीचे होते, हे विसरून चालणार नाही. त्याच कंपनीला पुढे हृदयविकार आणि प्रोस्टेट कॅन्सरबद्दलच्या जाहिरातींवरून अमेरिकेच्या व्यापार आयोगानं धरलं आणि २०१५ मध्ये अपील न्यायालयातही आयोगाचं म्हणणं बहुतांशी टिकलं. म्हणजे आमच्या आटपाडीच्या डाळिंबालाही मी औषध म्हणणार नाही. छोट्या चाचण्यांत त्याच्या रसानं वरचं बीपी थोडं उतरलेलं दिसतं, इतकंच. पण ते ताजं मिळतं, दाण्यासकट चोथा पोटात जातो, आणि पैसा माणदेशातल्या शेतकऱ्याच्या हातात पडतो.

मँगोस्टीनचं सख्खं भावंड तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. कोकम म्हणजे गार्सिनिया इंडिका, मँगोस्टीन म्हणजे गार्सिनिया मँगोस्टाना. कोकमाचा लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा, जांभळाचा आणि काळ्या द्राक्षाचाही तोच गट. रत्नागिरीहून येणारी बिनमिठाची सोलं रात्री भिजवून सकाळी ते पाणी घेतो. बीपी असेल तर आगळ टाळा, त्यात मीठ भरपूर असतं. क जीवनसत्त्वासाठी बाटली घ्यायचीच गरज नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२० च्या शिफारशीत पुरुषांना रोज ८० आणि बायकांना ६५ मिलीग्रॅम सांगितलंय. शंभर ग्रॅम पेरूत दोनशेच्या वर असतं, आवळ्यात त्याहून जास्त. आईला मात्र डाळिंबसुद्धा पोटॅशियममुळे मूठभरच दाणे, तेही डॉक्टरांना विचारून.

मामेभावाशी यावर निवांत बोललो. त्याच्यावर दर महिन्याला ठरावीक माल उचलायचा दबाव होता, नाहीतर वरची 'लेव्हल' जाणार. २०२१ च्या डायरेक्ट सेलिंगच्या नियमांत पिरॅमिड योजनांना बंदी आहे, आणि मधुमेह, कॅन्सर बरा होतो अशा जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा १९५४ पासून आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. त्यानं माहितीपत्रकाचे फोटो काढून ठेवलेत आणि नवा माल उचलणं थांबवलंय. न फोडलेल्या बाटल्या परत घ्याव्यात म्हणून त्यानं कंपनीला लेखी कळवलंय, उत्तर यायचं आहे.

ज्यांच्या घरी या बाटल्या चालूच आहेत, त्यांनी पुढच्या तपासणीला जाताना मागच्या लेबलचा स्पष्ट फोटो मोबाइलमध्ये न्यावा आणि डॉक्टरांना आपणहून दाखवावा. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी एखादी गोळी चालू असेल किंवा क्रिएटिनिन वर असेल, तर पुढच्या तपासणीची वाट न बघता आधी डॉक्टरांना फोन करून विचारा आणि पोटॅशियमची तपासणी करून घ्या.