पुएर्तो वायार्तात हप्त्याहप्त्याने गेलेले ४३५ डॉलर

गेल्या जूनमध्ये आई-बाबा साताऱ्याहून आमच्याकडे कॅलिफोर्नियात आले होते. लॉस एंजेलिसहून निघणाऱ्या सात दिवसांच्या क्रूझवर आम्ही पाच जण गेलो. मेक्सिकोतल्या पुएर्तो वायार्ताला जहाज दिवसभर थांबणार होतं. तेरा वर्षांच्या लेकाला झिपलाइन, म्हणजे उंच तारेला लटकून घसरत जाणं, हवी होती. आईला मुकुटाच्या शिखराचं ग्वादालुपेचं चर्च आणि मालेकोन, म्हणजे समुद्राकाठचा फिरायचा रस्ता, बघायचा होता. जहाजाकडून झिपलाइनला माणशी ११० डॉलर पडत होते. मी बायकोला म्हटलं, बाहेर निम्म्यात होईल. गणित माझंच चुकलं, म्हणून लिहितोय.

बंदराच्या फाटकाबाहेर एक बाई उभी होती. पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात प्लास्टिकमध्ये घातलेले फोटो. आम्हाला बघून चक्क "नमस्ते" म्हणाली. (असे लोक इथे बरेच असतात. काही जण सहल जवळजवळ फुकट देतात आणि बदल्यात टाइमशेअर, म्हणजे सुट्टीच्या घरात दरवर्षी ठरावीक दिवस राहायचा हक्क, विकणाऱ्यांसमोर नाश्त्याला दीड-दोन तास बसवतात. ते मला माहीत होतं, म्हणून मी स्वतःला हुशार समजत होतो.) ही बाई म्हणाली, टाइमशेअर नाही, नाश्ता नाही, झिपलाइन आणि शहर मिळून माणशी ४० डॉलर, आई-बाबांना प्रत्येकी २५. सगळं त्यात आलं, असं ती दोनदा म्हणाली. मी १७० डॉलर रोख मोजले. हातात आली ती कार्बन पेपरची चिठ्ठी. तिच्यावर कंपनीचं नाव नव्हतं, 'झिपलाइन' हा शब्दही नव्हता. नुसता आकडा आणि सही.

गाडी दक्षिणेकडे निघाली. डाव्या हाताला डोंगर, उजवीकडे लोस आर्कोसचे समुद्रातले खडक. आई म्हणाली, थांबवा की जरा. ड्रायव्हर म्हणाला, येताना थांबू.

झिपलाइनच्या काउंटरवरच्या मुलीने चिठ्ठी उलटसुलट करून बघितली आणि सांगितलं, हे गाडीभाडं झालं. प्रवेश, पट्टे-हेल्मेट आणि विमा मिळून माणशी ३५. वर जाणार नसलेल्या आई-बाबांना नुसतं झाडाखाली बसायचे दहा-दहा. आम्ही जंगलात, ड्रायव्हर गायब, लेक हेल्मेट चढवून तयार. तिथे काय हुज्जत घालणार? १२५ डॉलर दिले.

झिपलाइन मात्र झकास होती, खोटं कशाला बोलू. जाड चामड्याचा हातमोजा तारेवर दाबून वेग कमी करायचा, खाली नदी, आणि लेकाची आरोळी सगळ्या दरीत. फोन वर न्यायला बंदी, म्हणून फोटो त्यांचेच. पाटीवर ९०० लिहिलं होतं. मेक्सिकोत पेसोलाही डॉलरचीच खूण वापरतात, त्यामुळे आधी पोटात गोळा आला. मग कळलं की पेसो आहेत, म्हणजे डॉलरमध्ये पन्नासच्या आसपास. त्या आनंदात कार्डाच्या यंत्राने डॉलर की पेसो विचारलं तेव्हा मी 'डॉलर' दाबलं. ६० कापले गेले. अशा वेळी पेसोच निवडायचे. दर मग आपली बँक लावते, दुकानदाराचं यंत्र नाही.

परतताना टकिला या दारूच्या दुकानात पन्नास मिनिटं गेली. टकिला गाव याच हालिस्को राज्यातलं, त्यामुळे चव बघा, घेऊन जा, असा आग्रह. टकिला ज्यापासून करतात ते दारातलं रोप बघून बाबांनी जाहीर केलं, "हे तर आपलं घायपात! आपल्याकडे बांधावर लावतात." तेवढाच त्या दुकानातला नफा.

बाहेर आलो तर ड्रायव्हर मनगटावर बोट आपटत उभा. पावणेचार वाजले, साडेचारला तुमच्या जहाजावर चढणं बंद होतं ना? ही गाडी अजून दोन ठिकाणी थांबणार. थेट जायचं तर दुसरी गाडी आहे, ८० डॉलर. माझ्या फोनवरही पावणेचारच. बाबा आपल्या एचएमटीकडे बघत म्हणाले, "अरे, पावणेतीन झालेत." मी त्यांना गप्प केलं. जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, बाहेरून ठरवलेल्या सहलीसाठी थांबत नाही, एवढंच डोक्यात होतं. पैसे दिले. मालेकोन आईने खिडकीतून पाहिला, चर्चचा मुकुट दोन इमारतींच्या फटीतून.

बंदरावर पोचलो तेव्हा फोनवर चार वीस. जहाजावर चढायच्या पुलाजवळच्या फलकावर जहाजाची वेळ होती: तीन वीस. मेक्सिकोने २०२२ मध्ये बहुतेक भागात उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करायची पद्धत बंद केली, पण जूनमध्ये पुएर्तो वायार्ता तरीही कॅलिफोर्नियाच्या एक तास पुढे असतं. आमच्या जहाजाने घड्याळ बदललंच नव्हतं, फोनने मात्र किनाऱ्यावर आल्याआल्या गुपचूप बदललं. रोज जहाजं बघणाऱ्या त्या ड्रायव्हरला हे माहीत नसेल, यावर माझा विश्वास नाही. दिवसभर सगळ्यांनी पैसे उकळले ते माझ्या घाईवर, आणि शेवटची घाई तर खरीही नव्हती.

घरी येऊन बँकेकडे तक्रार केली. रोखीचं काही होत नाही म्हणाले, कार्डाच्या पावतीवर माझी सही. एकूण ४३५ डॉलर. जहाजाकडून आम्हा तिघांचे ३३० झाले असते आणि आई-बाबा टॅक्सीने निवांत मालेकोनवर जाऊन आले असते.

दुसऱ्या दिवशी माझातलानला उतरताना मी बाबांकडे घड्याळ मागितलं. त्यांनी दिलं नाही. चावी देत म्हणाले, "किती वाजले ते मला विचारत जा."