नांदूर मध्यमेश्वर: पाणी एका खात्याचे, काठ दुसऱ्या खात्याच्या हाती

धरणावर फिरायला येणाऱ्या लोकांची व्यवस्था कोणी पाहावी, हा प्रश्न नाशिक जिल्ह्यात वरचेवर निघतो. पाणी अडवणे, साठवणे आणि आवर्तनानुसार, म्हणजे शेतीच्या ठरलेल्या पाळीनुसार, सोडणे हे जलसंपदा खात्याचे काम. वाहनतळ, सावली, स्वच्छतागृह आणि माहिती देणारा माणूस ही कामे त्या खात्याच्या मूळ रचनेत बसत नाहीत, म्हणून जलाशयाचा काठ केव्हा ना केव्हा दुसऱ्या कोणाच्या तरी हाती सोपवावा लागतो. धरणांलगतच्या मोकळ्या जागा आणि विश्रामगृहे खासगी सहभागातून पर्यटनासाठी विकसित करण्याचे धोरणही राज्याने स्वीकारले आहे. अशा वेळी, काठाची व्यवस्था आधीच वेगळ्या हाती असलेले आपल्या जिल्ह्यातील ठिकाण, म्हणजे निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्य, पर्यटकाच्या दृष्टीने कसे आहे हे बारकाईने पाहण्यासारखे आहे.

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाच्या खाली 1907 ते 1913 या काळात येथे दगडी बंधारा बांधला गेला, तो शेतीसाठी. गोदावरीचे डावा आणि उजवा हे दोन्ही कालवे येथूनच निघतात, आणि वरच्या गंगापूर व दारणा धरणांतून सोडलेले पाणी येथे येऊन त्यांत वळते. नद्यांनी आणलेला गाळ वर्षानुवर्षे साचत गेला, पाणी उथळ झाले, मध्ये बेटे तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या, आणि सिंचनाच्या हिशेबात तोटा ठरलेल्या या गाळावरच पाणपक्ष्यांचे राज्य उभे राहिले. 1986 साली हा परिसर अभयारण्य घोषित झाला, आणि जानेवारी 2020 मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून त्याचे नाव जाहीर झाले. तेव्हापासून बाहेरगावचे पर्यटकही वाढले आहेत. बंधारा, दरवाजे आणि पाणी जलसंपदा खात्याकडे, तर पक्षी, अधिवास आणि पर्यटक वन खात्याच्या वन्यजीव शाखेकडे, अशी ही विभागणी आहे.

पर्यटकाला या विभागणीचा चांगला भाग चापडगावच्या बाजूला अनुभवता येतो. निरीक्षण मनोरे पाण्याच्या पुरेसे जवळ आहेत, तरीही पक्षी बुजणार नाहीत इतके अंतर त्यांनी राखलेले आहे. या ठिकाणाचे खरे बळ मात्र मनोऱ्यांत नसून गावातील गाईड तरुणांत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. हे तरुण याच काठावर वाढलेले आहेत. गवतात न हलता बसलेली जांभळी पाणकोंबडी आधी त्यांना दिसते आणि मग ते ती आपल्याला दाखवतात. थापट्या बदक पाण्यात चोच फिरवत का पुढे सरकते, दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी खाली उतरला की वारकरी पाणपक्ष्यांचा थवा एकदम का उठतो, कमळपक्ष्याची बोटे इतकी लांब कशासाठी, हे ते पुस्तकी भाषेत न सांगता समोर घडत असताना दाखवून देतात. दुर्बिणीतून चित्रबलाक पाहणारे लहान मूल कंटाळले की त्याला चक्रवाकाची जोडी कुठे आहे ते शोधायला लावण्याचे भानही त्यांना असते, आणि ही गोष्ट शिकवून येत नाही. येथे अडीचशेच्या आसपास जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे. गाईड नसेल तर त्यांतले बहुतेक सगळे आपल्या दृष्टीने ‘बदक’ आणि ‘बगळा’ या दोनच नावांत संपतील. म्हणून गाईड घ्यावा, आणि त्याच्या मानधनात घासाघीस करू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

काठ कोणाच्या हाती द्यावा, याचे उत्तर मला येथे मिळते. ज्याची रोजीरोटी पक्षी येण्यावर अवलंबून आहे, तो माणूस प्लास्टिकची पिशवी उचलतो, मोठ्याने गाणी लावणाऱ्याला हटकतो आणि पुढच्या हिवाळ्याचा विचार करतो. याउलट, जिल्ह्यातील दुसऱ्या एका जलाशयाच्या काठावरील बाग ठेकेदाराकडे गेल्यानंतर मी पाहिली. प्रवेशद्वार रंगवले होते, तिकीट वाढले होते, पण झाडांना पाणी नव्हते आणि जवळच्या गावातील एकही माणूस तेथे कामाला दिसला नाही. तेथील कर्मचाऱ्याला समोरच्या डोंगराचे नाव विचारले, तर तेही सांगता आले नाही. हस्तांतराच्या करारात गवत किती वेळा कापायचे याची अट कोणीही लिहील. स्थानिक माणसांना काम आणि निर्णयात वाटा देण्याची अट लिहिली गेली पाहिजे.

आता या ठिकाणची अवघड बाजू, आणि ती पाण्याची आहे. पाणथळ जागेत पाणीपातळी फूटभर वर-खाली झाली तरी सगळे चित्र बदलते. उथळ पाण्यात चालून खाणारे चमच्या आणि मुग्धबलाक यांच्यासारखे पक्षी पाणी चढले की दुसरीकडे जातात, आणि पाणी फार उतरले की बदकांची जागा आक्रसते. पातळी मात्र पक्ष्यांसाठी ठरत नाही, ती शेतीच्या आवर्तनांवर आणि जायकवाडीकडे सोडायच्या पाण्यावर ठरते. शेतकऱ्याचे पाणी अडवून पक्षी पाहावेत असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण काठ एका खात्याकडे सोपवताना पाणी दुसऱ्याकडेच राहणार असेल, तर हिवाळ्याच्या महिन्यांत पातळी शक्य तितकी सावकाश बदलावी आणि बदलाची पूर्वसूचना वन कर्मचाऱ्यांना व गाईडना मिळावी, एवढी लेखी व्यवस्था हस्तांतराचाच भाग असली पाहिजे. वरच्या बाजूने वाहत येणाऱ्या पाणवेली आणि सांडपाणी हा वेगळाच विषय आहे, आणि त्यात आपण नाशिककर थेट जबाबदार आहोत. अभयारण्याच्या हद्दीत कितीही चोख काम झाले तरी शहरातून सुटणारे पाणी तेथे शुद्ध होणार नाही.

जाण्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. नाशिकहून पहाटे निघावे, कारण ऊन चढल्यावर पक्षी आत सरकतात आणि पाण्यावरची चकाकी दुर्बिणीला त्रास देते. भडक रंगाचे कपडे टाळावेत, पाणी आणि न्याहारी घरून न्यावी, आणि रिकामा डबा तेवढ्याच निष्ठेने परत आणावा. रविवारी मनोऱ्यावर गर्दी होते, तेव्हा ज्येष्ठांना आणि शाळेच्या सहलींना मधला वार अधिक सोयीचा पडेल. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाहायचेच असा हट्ट धरून जाणाऱ्यांनी निघण्याआधी चौकशी करावी. ते दर वर्षी आणि दर आठवड्याला सारख्या संख्येने असतीलच असे नाही.

माझ्या दृष्टीने कुटुंबासह जाण्यासाठी जिल्ह्यातील जलाशयांमध्ये याच्या तोडीचे ठिकाण नाही, आणि पाचपैकी चार गुण मी निःसंकोच देतो. पाचवा गुण राखून ठेवला आहे तो तिकीट खिडकीपाशी असायला हव्या अशा एका साध्या फळ्यासाठी. त्यावर आजची पाणीपातळी, पुढच्या आवर्तनाची तारीख आणि आदल्या दिवशी दिसलेल्या पक्ष्यांची नावे गाईडनी रोज सकाळी खडूने लिहावीत. दोन्ही खात्यांनी मनावर घेतले, तर हे काम येत्या हिवाळ्यातच सुरू होऊ शकते.